माहुलीची राखण आणि अणुकेंद्रांची सुरक्षा-संस्कृति

(१)

भिवंडी तालुक्यांतील पडघा हा गांव कल्याण-भिवंडीहून थळघाटानें नाशकाकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवर वसलेला आहे. गांवाच्या ईशान्येस चार-पांच कोसांवर माहुलीचा डोंगर उभा असून पळसगड, माहुली व भंडारगड अशीं त्याचीं तीन अंगें आहेत. कोंकणांतील बंदरें व घाटावरील बाजारपेठा यांना जोडणारी ही वाट माहुलीच्या नजरेखालीं असल्यामुळें त्या गडाचा धनी कल्याण प्रांतावर दाब ठेवूं शके. निजामशाही, आदिलशाही, मोगल आणि मराठे या चारहि सत्तांस या डोंगराचें मोल ठाऊक होतें.

आजच्या काळीं पडघ्याचें नांव सरकारी दप्तरांत दुसऱ्याच कारणानें येतें. येथें ४०० किलोव्होल्ट दाबाचें विजेचें मोठें उपकेंद्र आहे. चंद्रपुराहून ७५२ किलोमीटर लांबीच्या तारांनीं १५०० मेगावॅटपर्यंत वीज येथवर आणणारी एकदिश प्रवाहाची वाहिनी १९९९ सालीं सुरू झाली. ज्या पश्चिम भारतीय जाळ्याचें पडघा हें एक मोठें ठाणें आहे, त्याच जाळ्यास तारापूरच्या अणुवीजकेंद्राची वीज मिळते. तें तारापूरहि १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा निराळा होईपर्यंत याच ठाणें जिल्ह्यांत मोडत होतें. तारापूरचें नांव इतिहासाच्या वाचकांस अपरिचित नाहीं. जानेवारी १७३९ मध्यें चिमाजी अप्पांच्या फौजेनें तेथील फिरंगी कोट सुरुंग लावून व हल्ला करून घेतला, आणि त्या झुंजींत बाजी भिवराव रेठरेकर पडले. त्याच किनाऱ्यावर २८ ऑक्टोबर १९६९ पासून भारताचें पहिलें अणुवीजकेंद्र चालूं आहे.

जुन्या किल्ल्यांचे कागद वाचणारांस अणुकेंद्राच्या राखणीशीं काय कर्तव्य, अशी शंका येणें स्वाभाविक आहे. तिचें उत्तर असें कीं, अणुकेंद्रांची राखण करणाऱ्या जगांतील तज्ज्ञांनीं गेल्या कांहीं दशकांत जी गोष्ट मोठ्या अनुभवानें ठरविली, तीच गोष्ट आपल्या पूर्वजांनीं गडांच्या बाबतींत ठरविली होती. ती अशी: कोणतेंहि स्थान भिंतीनें, कुलुपानें किंवा शस्त्रानें राखलें जात नाहीं, तेथील लोकांच्या नित्याच्या वागणुकीनें राखलें जातें. या वागणुकीस आज सुरक्षा-संस्कृति असें नांव मिळालें आहे. माहुलीच्या इतिहासांत तिचा एक स्वच्छ दाखला आहे. तो प्रथम मांडून नंतर आजच्या प्रश्नाकडे वळावयाचें, असा प्रस्तुत निबंधाचा क्रम आहे.

(२)

सन १६३६ मध्यें शहाजीराजे निजामशाहीचा अखेरचा बालवारस बरोबर घेऊन माहुलीच्या आश्रयास राहिले होते. मोगल व आदिलशाही अशा दोन्ही फौजांचा वेढा पडला, बाहेरून मदत येण्याची आशा उरली नाहीं, आणि वर्षाच्या अखेरीस त्यांस गड सोडून द्यावा लागला. पुढें १६५७-५८ च्या हिवाळ्यांत कल्याण-भिवंडीपाठोपाठ शिवाजी महाराजांनीं माहुली घेतली. १६६५ च्या पुरंदरच्या तहानें जे २३ किल्ले मोगलांस द्यावे लागले त्यांत तीहि गेली.

आपल्या विषयास उपयोगी असा प्रसंग १६७० सालचा आहे. त्या वर्षीं तहानें गेलेले किल्ले परत घेण्याचा उद्योग सुरू झाला. ४ फेब्रुवारीस सिंहगड हातीं आला. त्याच महिन्यांत महाराजांच्या लोकांनीं माहुलीवर रात्रीं दोराच्या शिड्या लावून चढाई केली. सिंहगडावर जी रीत साधली ती येथें साधली नाहीं. माहुलीचा किल्लेदार मनोहरदास गौड हा राजपूत अत्यंत दक्ष होता. त्याच्या पहाऱ्यास चढणारे लोक दिसले, गडावर गलबला झाला, आणि मराठ्यांस मोठी हानि सोसून मागें फिरावें लागलें.

त्यानंतर मनोहरदासानें काय केलें हें पाहण्याजोगें आहे. हातांतील साधनांनीं व वरून पुरेशी कुमक न येतां हा गड फार दिवस राखणें शक्य नाहीं, असें पाहून त्यानें किल्लेदारी सोडली. त्याच्या जागीं अलावर्दी बेग आला. जून १६७० मध्यें मोरोपंत पिंगळे यांच्या फौजेनें माहुली घेतली. अलावर्दी बेग व त्याची सुमारें दोनशें लोकांची शिबंदी कामास आली.

फेब्रुवारी व जून या दोन महिन्यांत माहुलीचे कडे बदलले नव्हते, तट बदलला नव्हता, शत्रूहि तोच होता. बदलला होता तो किल्लेदार, आणि त्याच्या बरोबर गडाची जाग. नव्या किल्लेदारानें शौर्यांत कसूर केली असें म्हणण्यास आधार नाहीं. तो लढून मेला. परंतु मोगलांच्या व्यवस्थेंत माहुलीची जागरूकता एका मनुष्याच्या अंगीं होती, गडाच्या अंगीं नव्हती. मनुष्य उतरून गेला तेव्हां तीहि उतरून गेली. आणि ज्या दक्ष मनुष्यानें साधनें अपुरीं असल्याचें पाहिलें, त्याचें गाऱ्हाणें वरिष्ठांनीं वेळेवर मनावर घेतलें नाहीं. स्थानाची राखण ढासळते ती बहुधा याच दोन कारणांनीं: दक्षता व्यक्तीवर अवलंबून राहते, आणि खालचा मनुष्य जें पाहतो तें वर पोंचत नाहीं.

(३)

मराठ्यांच्या राज्यांत ही व्यक्तीची दक्षता गडाची रीत करण्याचा प्रयत्न कसा झाला, तें सभासदाची बखर व रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र या दोन साधनांवरून चांगलें कळतें. पहिलें राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत जिंजीच्या मुक्कामीं लिहिलें गेलें. दुसरें १७१५-१६ च्या सुमाराचें आहे. दोन्ही ग्रंथ वाचकांच्या संग्रहीं असल्यामुळें येथें केवळ आशय देतों.

सभासद सांगतो कीं, गडावर हवालदार, सबनीस व सरनोबत असे अधिकारी बरोबरीच्या नात्यानें असत व त्यांनीं मिळून कारभार करावा असा दंडक होता. कोठाराचा व सामग्रीचा हिशेब कारखानीस ठेवी. हे अधिकारी भिन्न भिन्न जातींतून नेमीत, हें सर्वश्रुत आहे. एकाच्याच हातीं गड राहिला तर त्याचें मन फिरतांच गड फिरेल. तिघे असले म्हणजे एकाची नजर दुसऱ्यावर राहील, हा त्यांतील हेतु. तटाच्या भागभागावर तटसरनोबत असत. गडाखालच्या मेटांवर व घेऱ्यांत चौकीपहाऱ्याचे लोक निराळे. याप्रमाणें घेरा, मेट, तट व बालेकिल्ला अशीं एकांत एक वेष्टनें होतीं, आणि प्रत्येक वेष्टनास जबाबदार मनुष्य ठरलेला होता.

आज्ञापत्रांतील दुर्गप्रकरण याहून बारकाईचें आहे. विशेषतः दारूखान्याविषयीं त्यांत जे नियम आहेत ते पाहावे. दारूचें कोठार वस्तीच्या घरांजवळ नसावें. आठ-पंधरा दिवसांनीं हवालदारानें स्वतः येऊन दारू, बाण इत्यादि जिन्नस बाहेर काढवावे, ऊन द्यावें, आणि पुन्हां आंत ठेवून मुद्रा करावी. कोठारावर नेहमीं राखणदार असावे व परवानगीवांचून कोणा परक्या मनुष्यास तेथें जाऊं देऊं नये. गडाच्या आसपास तोफेच्या माऱ्यांत दुसरा डोंगर असला तर त्याचाहि बंदोबस्त करावा. गडावर नेमावयाचीं माणसें विश्वासू, कष्टाळू व जामीन दिलेलीं असावीं.

या नियमांचें मर्म असें. दारूखान्यास कुलूप लावून मोकळे व्हावें, असें अमात्य म्हणत नाहींत. ठराविक मुदतीनें मुख्य अधिकाऱ्यानेंच जातीनें जाऊन पाहावें आणि पाहिल्याची खूण म्हणून मुद्रा करावी, असें म्हणतात. कुलूप एकदां लावलें कीं मनुष्य निश्चिंत होतो. आठवड्या-पंधरवड्यानें मुद्रा फोडावयाची व पुन्हां करावयाची असली म्हणजे तो निश्चिंत होऊं शकत नाहीं. त्याचप्रमाणें हा भार केवळ पहारेकऱ्यावर टाकलेला नाहीं. गडाचा मुख्य अधिकारी स्वतः उन्हांत उभा राहून दारू वाळवितो, हें शिबंदीच्या प्रत्येक असामीस दिसत असे. वरिष्ठाच्या वर्तनानेंच खालच्या माणसांस कळतें कीं नियम खरा आहे किंवा कागदी आहे.

(४)

इतकी व्यवस्था असूनहि गड गेले, हें इतिहासाच्या अभ्यासकानें लपवूं नये. औरंगजेबानें १७०० नंतरच्या पांच वर्षांत जे किल्ले घेतले त्यांपैकीं विशाळगड, सिंहगड इत्यादि पैशांच्या बोलीनें त्याच्या हातीं आले. खऱ्या हल्ल्यानें घेतलेला म्हणून तोरण्याचें नांव सांगतात. मराठ्यांनींहि हाच मार्ग चोखाळला आहे. १७५९ सालीं अहमदनगरचा भुईकोट पेशव्यांस मिळाला तो किल्लेदार कवीजंग यास वश करून घेतल्यामुळें. तट फोडण्यापेक्षां मन फोडणें स्वस्त, हा धडा दोन्ही पक्षांस पाठ होता. आपल्या भाषेंत त्यास फितवा किंवा फितूर असा शब्द आहे.

अणुकेंद्रांच्या राखणींत आज सर्वांत मोठी चिंता हीच आहे. बाहेरून चालून येणाऱ्या शत्रूस अनेक कुंपणें व हत्यारी पहारा ओलांडावा लागतो. आंतल्या मनुष्याजवळ प्रवेशाची खूण असते, त्यास कामाची माहिती असते आणि संधि निवडण्यास वेळ असतो. उत्तर कानडा जिल्ह्यांत, कारवारपासून जवळच कैगा येथें अणुवीजकेंद्र आहे. तेथें नोव्हेंबर २००९ मध्यें पिण्याच्या पाण्याच्या थंडपेटींत कोणी ट्रिशियमयुक्त जड पाणी मिसळलें, आणि पन्नासाहून अधिक कामगारांच्या शरीरांत ट्रिशियमचें प्रमाण वाढलेलें आढळलें. हें कृत्य आंतल्याच मनुष्याचें असावें, असें अणुखात्याच्या प्रमुखांनीं त्या वेळीं जाहीर केलें. तें उघडकीस आलें कशानें, तर कामगारांच्या मूत्राची जी नित्याची तपासणी होत असे तिनें. कोणत्याहि संशयावांचून, केवळ मुदत आली म्हणून केलेली तपासणी येथें उपयोगी पडली. आज्ञापत्रांतील पंधरवड्याच्या झडतीचें तत्त्व याहून निराळें नाहीं.

दुसरा प्रसंग अधिक दुःखद आहे. ८ ऑक्टोबर २०१४ रोजीं तामिळनाडूंतील कल्पाक्कम येथें केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या एका हवालदारानें आपल्याच तीन सहकाऱ्यांस गोळ्या घालून ठार केलें. अणुकेंद्रांच्या राखणीसाठीं जें दल उभें आहे, त्यांतीलच हा मनुष्य होता. राखणदाराच्या मनाची राखण कोणीं करावयाची, हा प्रश्न त्या दिवशीं पुढें आला. शेजारच्या खाटेवरील मनुष्य अस्वस्थ आहे हें सोबत्यांस कळणें, तें निर्भयपणें वरिष्ठांस सांगतां येणें, आणि वरिष्ठांनीं तें चहाडी म्हणून न घेतां कर्तव्य म्हणून घेणें, हेंहि राखणीचेंच अंग आहे.

(५)

सुरक्षा-संस्कृति हा शब्द प्रचारांत कसा आला, तेंहि पाहिलें पाहिजे. १९८६ सालीं चेर्नोबिल येथें अणुभट्टीचा स्फोट झाला. त्याची चिकित्सा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनीं असें ठरविलें कीं, यंत्राचा दोष होताच, पण नियम बाजूस सारण्याची संवय त्याहून घातक ठरली. तेव्हां अपघातापासून बचावाच्या संदर्भांत संस्कृति हा शब्द योजण्यांत आला. चोरी, घातपात व घुसखोरी यांपासून राखणीच्या संदर्भांत तोच विचार पुढें आला. अणुद्रव्याच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार १९८० सालीं सहीसाठीं खुला झाला व १९८७ पासून अमलांत आला. भारत त्यांत २००२ सालीं सामील झाला. ८ जुलै २००५ रोजीं त्या करारास जी दुरुस्ती मान्य झाली तींत मूलतत्त्वांची यादी असून सुरक्षा-संस्कृति हें त्यांतील एक तत्त्व आहे. भारतानें ती दुरुस्ती २००७ सालीं स्वीकारली, आणि ८ मे २०१६ रोजीं ती अमलांत आली. मध्यंतरीं २००८ सालीं व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुशक्ति संस्थेनें या एकाच विषयावर मार्गदर्शक पुस्तक काढलें.

या पुस्तकाचा पाया एका साध्या विधानावर आहे. धोका खरोखर आहे, आणि तो टाळणें महत्त्वाचें आहे, असें तेथें काम करणाऱ्या प्रत्येकास मनापासून वाटलें पाहिजे. संचालकापासून झाडूवाल्यापर्यंत ज्यास हें पटत नाहीं, त्याच्या हातांतील कुलूप व्यर्थ आहे. ही श्रद्धा वरिष्ठांच्या वर्तनानें, शिक्षणानें, स्पष्ट जबाबदारीनें आणि वारंवार केलेल्या परीक्षणानें जोपासावी लागते. अतिमहत्त्वाच्या जागीं एकट्या मनुष्यानें जाऊं नये, दोघांनीं जावें. नेमणुकीपूर्वीं मनुष्याची पूर्वपीठिका तपासावी व ती तपासणी पुढेंहि अधूनमधून करावी. ज्यास जेवढें ठाऊक असणें कामास आवश्यक आहे तेवढेंच त्यास सांगावें. हे नियम आज सर्वत्र मान्य आहेत. सभासदाच्या तिघा अधिकाऱ्यांचें व आज्ञापत्रांतील जामिनाचें स्मरण येथें वाचकांस आपोआप होईल.

(६)

तथापि नियम असूनहि पहारा झोंपतो, आणि तो कसा झोंपतो याचा नमुना अमेरिकेनेंच दाखविला. टेनेसी संस्थानांत ओक रिज येथें वाय-१२ नांवाचें स्थान आहे. तेथें अण्वस्त्रांच्या उपयोगाच्या समृद्ध युरेनियमचें मोठें कोठार आहे. २८ जुलै २०१२ च्या पहाटे ८२ वर्षांची एक ख्रिस्ती मठवासिनी व तिचे दोन सोबती साधीं हत्यारें घेऊन एकामागून एक कुंपणें कापीत थेट त्या कोठाराच्या भिंतीपर्यंत पोंचले आणि त्यांनीं भिंतीवर शांततेचीं वाक्यें रंगविलीं. चौकशींत आढळलें कीं त्या भागांतील पाहणीयंत्रें कित्येक महिने बंद होतीं व दुरुस्तीची निकड कोणास वाटली नव्हती. कुंपणाचा इशारा वाजला होता; परंतु जनावरांमुळें व इतर कारणांनीं तो रोजच वाजत असल्यामुळें पहारेकऱ्यांनीं त्याकडे लक्ष देणें सोडलें होतें. जगांतील अत्यंत खर्चाच्या बंदोबस्तांपैकीं एक बंदोबस्त अशा रीतीनें तीन नि:शस्त्र माणसांपुढें फोल ठरला. त्यांचा हेतु निषेधाचा होता, हें जगाचें सुदैव.

या प्रसंगाशेजारीं रायगडच्या हिरकणीची गोष्ट ठेवून पाहावी. ही आख्यायिका आहे, तिला समकालीन कागदाचा आधार नाहीं, हें प्रथम सांगितलें पाहिजे. दूध विकावयास गडावर गेलेली गवळण दरवाजे बंद झाल्यामुळें आंत अडकली. घरीं तान्हें मूल असल्यामुळें ती अंधारांत कडा उतरून खालीं गेली. महाराजांस हें कळतांच त्यांनीं तिचा गौरव केला व त्या जागीं बुरूज बांधविला. आख्यायिका घटनेची साक्ष देत नसली तरी ती सांगणाऱ्या समाजाच्या समजुतीची साक्ष देते. या गोष्टींत तीन समजुती आहेत. आईच्या विनवणीनेंहि संध्याकाळनंतर दरवाजा उघडला नाहीं. गडाची उणी जागा कोणत्याहि जाणकारानें नव्हे, तर एका सामान्य बाईनें दाखवून दिली. आणि ती दाखविणाऱ्यास शिक्षा न होतां तिचा सन्मान झाला व उणीव लगेच बुजविली गेली. ओक रिज येथें बंद पडलेलीं यंत्रें रोज कोणी ना कोणी पाहत होतें. पण पाहिलेल्याचा बुरूज झाला नाहीं. आजच्या सुरक्षा-संस्कृतीचे जाणकार ज्या गोष्टीवर सर्वाधिक भर देतात ती हीच, कीं उणीव सांगणाऱ्या कनिष्ठास अभय असावें.

(७)

आतां पडघ्याकडे परत येऊं. आज्ञापत्रांत शेजारच्या डोंगराविषयीं जी सूचना आहे तिला अनुभवाचा आधार होता. १६६५ च्या एप्रिलांत दिलेरखानानें पुरंदराशेजारचा वज्रगड घेतला, आणि तेथून पुरंदरावर मारा करणें त्यास सोपें झालें. गडाचा तट अभंग असला तरी शेजारची उंची शत्रूच्या हातीं गेली कीं गडाचें बळ निम्मे होतें.

अणुकेंद्राचा शेजारचा डोंगर म्हणजे विजेचें जाळें होय. हें विधान वरकरणीं विचित्र वाटेल, कारण केंद्र स्वतःच वीज उत्पन्न करतें. परंतु भट्टी बंद केल्यावरहि तिच्यांतील उष्णता कित्येक दिवस काढीत राहावी लागते, आणि त्यासाठीं पंपांस बाहेरून वीज लागते. ती तुटली तर केंद्रांतील डिझेल यंत्रांवर भार येतो. ३१ मार्च १९९३ रोजीं उत्तर प्रदेशांतील नरोरा केंद्रास आग लागून तेथील वीजपुरवठा सुमारें १७ तास नाहींसा झाला होता. कर्मचाऱ्यांच्या प्रसंगावधानानें अनर्थ टळला. जपानांत ११ मार्च २०११ रोजीं भूकंप व समुद्राची लाट यांनीं फुकुशिमा येथील वीज तोडली, तेव्हां तसें भाग्य लाभलें नाहीं. हे दोन्ही प्रसंग अपघाताचे आहेत, घातपाताचे नाहींत. पण जें अपघातानें घडतें तें कोणी हेतुपुरस्सर घडवूं पाहील, हें गृहीत धरणें राखणदाराचें काम आहे.

१२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं मुंबई, ठाणें व नवी मुंबई यांचा वीजपुरवठा एकाएकीं खंडित झाला. आगगाड्या जागच्या जागीं थांबल्या. कळवा व पडघा यांमधील ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्या बंद पडणें हा त्या घटनेचा एक मुख्य दुवा होता. १ मार्च २०२१ रोजीं महाराष्ट्राच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनीं यामागें संगणकमार्गें घातपात असण्याचा संभव बोलून दाखविला. केंद्रीय वीजमंत्र्यांनीं मात्र ती मानवी चूक असल्याचें सांगितलें. या वादांत पडण्याचें येथें प्रयोजन नाहीं. आपल्या विषयास एवढेंच पुरें आहे कीं, दोन्हींपैकीं कोणतेंहि कारण खरें मानलें तरी निष्कर्ष एकच निघतो. पडघ्यासारख्या ठाण्यावरील एका कर्मचाऱ्याचें क्षणाचें दुर्लक्ष अथवा त्याच्या यंत्रांत शिरलेला अदृश्य शत्रू यांचा परिणाम फार दूरवर पोंचतो. तें ठाणें अणुकेंद्राच्या तटाबाहेर असलें तरी त्याच्या घेऱ्यांत आहे.

अदृश्य शत्रूची गोष्ट केवळ तर्काची नाहीं. सप्टेंबर २०१९ मध्यें तामिळनाडूंतील कुडनकुलम केंद्राच्या कारभारी कामाच्या एका संगणकांत घातक आज्ञावली शिरल्याचें आढळलें. प्रथम इन्कार झाला; नंतर ३० ऑक्टोबर २०१९ रोजीं अणुवीज महामंडळानें तें मान्य केलें व भट्टीचें नियंत्रण करणारें जाळें त्यापासून अलग असल्यामुळें सुरक्षित असल्याचें सांगितलें. जाळें अलग होतें ही व्यवस्थेची जमेची बाजू. पहिल्या दिवशींच खरी हकीकत न सांगणें ही संस्कृतीची उणी बाजू. गडावर रात्रीं दोर पडल्याचें कळलें असतां सकाळीं त्याचा इन्कार करणारा हवालदार अमात्यांनीं गडावर ठेवला नसता.

(८)

साम्य दाखवितांना भेदहि मांडणें प्रामाणिकपणाचें आहे. गड गेला तर तो परत घेतां येत असे. माहुलीच तिचें उदाहरण आहे. अणुद्रव्य एकदां वाऱ्यावर किंवा चोराच्या हातीं गेलें तर तें परत घेण्याची मोहीम नाहीं. गडाची राखण राजाची होती. अणुकेंद्राच्या राखणीचा संबंध भोंवतालच्या प्रत्येक गांवाशीं आहे. जातींच्या भेदावर परस्परांचा वचक बसविण्याची जुनी युक्ति आज नको आहे व चालणारहि नाहीं. तिची जागा कामाच्या वांटणीनें घेतली आहे. कुटुंबास जामीन धरण्याची रीतहि गेली तें योग्यच झालें. परंतु एकाच्या हातीं सर्व न देणें, मुदतीनें जातीनें पाहणें, शेजारचा डोंगर ओळखणें आणि उणीव सांगणाऱ्यास मान देणें, हीं चार सूत्रें तीन शतकांनंतरहि जशींच्या तशीं उभीं आहेत.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. आज्ञापत्रांत जें आहे तो आदेश आहे. गडावर प्रत्यक्ष काय होत असे तें त्यावरून सिद्ध होत नाहीं. दारूखान्याची झडती खरोखर पंधरवड्यास होत होती काय, पहाऱ्यावरील गैरहजर असामीस काय शासन होई, शिबंदीचा पगार वेळेवर पोंचे काय, सामग्री अपुरी असल्याबद्दल हवालदारानें लिहिलेल्या पत्रास उत्तर जाई काय, या प्रश्नांचीं उत्तरें हजिऱ्या, कोठाराचे झाडे, जामीनकतबे व रोजकीर्दी यांतच सांपडतील. असे कागद दिसण्यांत सामान्य, लढायांचा त्यांत उल्लेख नाहीं, म्हणून संग्राहक ते बाजूस टाकतात आणि वाळवी ते खाते. माहुली, कल्याण व भिवंडी या टापूंतील जुन्या घराण्यांच्या रुमालांत असा एखादा झाडा जरी निघाला, तरी त्याचें मोल एखाद्या लढाईच्या बखरीहून कमी समजूं नये. अणुकेंद्राच्या परीक्षकांचाहि अनुभव हाच आहे: भिंतीवर टांगलेल्या नियमावलीवरून तेथील राखण कळत नाहीं, पहाऱ्याच्या रोजच्या वहींतील नोंदी व दुरुस्तीच्या तक्रारींवरील तारखा पाहिल्यानें कळते. माहुलीवर फेब्रुवारी ते जून १६७० या काळांतील असा एक जरी कागद हातीं आला, तर मनोहरदासाचें गाऱ्हाणें वर गेलें तेव्हां तेथें काय झालें, याचा उलगडा होईल. आणि तो उलगडा माहुलीपुरताच उपयोगी पडेल असें नाहीं.